अनग्रुप ऑल करण्याआधी: ग्रुपमधला एकच आकार पकडायचा कसा आणि वेगळा काढायचा कसा

प्रश्न परतूरहून आला आहे, कोरल म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरबद्दल. ग्रुप म्हणजे अनेक आकारांची एकत्र बांधलेली मोळी, आणि कंट्रोल-यू दाबून ती सोडणं म्हणजे अनग्रुप. पत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या एका भावाने लिहिलंय: "दादा, लग्नपत्रिकेसाठी पैठणीच्या काठाची कोरल फाइल मिळाली. गिऱ्हाइकाला मोराचा गळा निळ्याऐवजी हिरवा पाहिजे. मोरावर क्लिक करायलो तर अख्खा काठच सिलेक्ट व्हायला. अनग्रुप ऑल मारलं तर बारीक बारीक तुकडे झाले आणि ओढताना वेलीची निम्मी पानं जागेवरच राहिली. एका मोराला तर कंट्रोल-यू लागूच होईना. मग ब्रेक अपार्ट केलं तर मोराचे डोळे रंगाने भरून गेले आणि खालच्या नावातली अक्षरं ठोकळ्यासारखी झाली. हे नीट सोडवायचं कसं?"

भाऊ, यात तीन-चार अडचणी एकमेकींत गुंतल्यात आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही. आपल्या दुकानांमध्ये सवय अशी पडली आहे की बाहेरची फाइल उघडली की पहिलं काम अनग्रुप ऑल. माझं सांगणं याच्या उलट आहे. रंग बदलायला, नाव दुरुस्त करायला, एखादं फूल काढून टाकायला ग्रुप मोडावाच लागत नाही. आणि जिथे तुकडे खरोखरच सुटे करायचे असतात, तिथे ते कशाने बांधलेत हे आधी बघायचं. ग्रुप, कंबाइन, पॉवरक्लिप आणि इफेक्ट या चार गाठी वरून सारख्याच दिसतात, पण प्रत्येक सोडायची रीत निराळी आहे. चुकीची गाठ ओढली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच.

तेव्हा सगळ्यात आधी नजर खाली न्या, स्टेटस बारवर. बरेच जण वर्षानुवर्षं कोरल वापरतात आणि त्या ओळीकडे बघत नाहीत, पण निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. "ग्रुप ऑफ १४ ऑब्जेक्ट्स ऑन लेयर १" असं दिसलं तर तो ग्रुप आहे, कंट्रोल-यू चालणार. नुसतं "कर्व्ह ऑन लेयर १" दिसलं आणि डोळ्यांना मात्र पाच-सहा सुटे तुकडे दिसताहेत, तर तो ग्रुप नाहीच. ते तुकडे कंबाइन करून एकच कर्व्ह बनवलेला आहे, म्हणून कंट्रोल-यू त्याला लागू होत नाही. तुमचा हट्टी मोर तो हाच. "ड्रॉप शॅडो ग्रुप", "ब्लेंड ग्रुप", "काँटूर ग्रुप" असं आलं तर तो इफेक्ट आहे. नावात ग्रुप असला तरी अनग्रुपने तो सुटत नाही. "पॉवरक्लिप" हा शब्द आला तर चौकटीच्या आत वेगळा माल भरलेला आहे. "बिटमॅप" आलं आणि पुढे डीपीआय दिसलं, तर तो फोटो आहे. त्यात सोडवण्यासारखं काहीच नाही, तो ट्रेस करावा, म्हणजे त्यावरून आकार नव्याने काढावा लागेल किंवा मूळ फाइल मागवावी लागेल. व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीजी कोरलमध्ये आणून "याला अनग्रुप करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक दर लग्नसराईत भेटतं. त्याला ही ओळच दाखवायची.

आता मोराचा गळा. पिक टूल घ्या, कंट्रोल दाबून धरा आणि गळ्यावर क्लिक करा. एवढंच. ग्रुप जसाच्या तसा राहतो आणि आतला एक तुकडा निवडला जातो. तो आतलाच तुकडा आहे हे ओळखायची खूणही कोरलने ठेवली आहे: एरवी निवडलेल्या वस्तूभोवती चौकोनी ठिपके येतात, ग्रुपच्या आतली वस्तू पकडली की गोल ठिपके येतात. गोल ठिपके दिसले की बिनधास्त पॅलेटमधला हिरवा दाबा. बाकीचं पान जागचं हलत नाही.

पैठणीच्या काठाच्या फाइलमध्ये मात्र एका क्लिकने भागेलच असं नाही, कारण तिथे ग्रुपमध्ये ग्रुप असतात. काठ कसा रचतात बघा. आधी मोराचा गळा, तुरा, पिसं वेगवेगळी काढून मोराचा ग्रुप होतो. तो मोर आणि बाजूची आसावलीची वेल मिळून एक तुकडी होते. त्या तुकडीच्या नकला ओळीने लावून, खाली नारळी काठाची रेघ जोडून सगळ्याचा मिळून परत एक ग्रुप. म्हणजे गळा तीन पापुद्र्यांच्या आत आहे. कंट्रोल सोडायचा नाही, त्याच जागी पुन्हा क्लिक करायचं. निवडीची चौकट तुम्हाला हव्या तुकड्यापुरती आवळली जाईपर्यंत क्लिक करत राहायचं. दर क्लिकला चौकट लहान होत जाते आणि स्टेटस बारवरची ओळ बदलत जाते. तिथे "ग्रुप" जाऊन "कर्व्ह" आलं की पोहोचलात.

क्लिक चुकतोय असं वाटलं तर झूम करा. एफ टू दाबून त्या भागाभोवती चौकट ओढली की तेवढा भाग मोठा होतो, शिफ्ट-एफ टू दाबलं की निवडलेली वस्तू पडदाभर होते, आणि एफ फोर दाबलं की परत सगळं काम एका नजरेत. दुसरं, नुसत्या रेघेचा आकार असेल, आत रंग नसेल, तर मधोमध क्लिक केलं तरी तो पकडला जात नाही, रेघेवरच क्लिक करावं लागतं. प्रॉपर्टी बारवर "ट्रीट अ‍ॅज फिल्ड" नावाचं बटण आहे, ते चालू असलं की पोकळ आकारही मधून पकडता येतो.

एखादा आकार दुसऱ्याच्या मागे दडला असेल तर कंट्रोलच्या जागी ऑल्ट. ऑल्ट धरून क्लिक करत गेलात की कोरल वरून खाली एकेक वस्तू पकडत जातं. आणि तो दडलेला आकार ग्रुपच्या आत असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून क्लिक. मोराच्या पिसाऱ्यात हे फार लागतं, कारण वरच्या पिसाखाली तोच आकार निळ्या रंगात सावलीसारखा ठेवलेला असतो. वरचं पीस हिरवं केलं आणि खालचं निळंच राहिलं की छापल्यावर कडेला निळी किनार दिसते.

माऊसने चौकट ओढून निवडतानाही एक बारकावा आहे, आणि तुमची निम्मी पानं मागे राहिली ती यामुळेच. कोरलमध्ये साधी चौकट ओढली तर जी वस्तू पूर्णपणे आत आली तीच निवडली जाते. जिचं एक टोक जरी बाहेर राहिलं ती सुटते. ऑल्ट दाबून चौकट ओढली तर चौकटीला नुसती शिवलेली वस्तूही निवडीत येते. अनग्रुप ऑल केल्यावर काठ उचलताना लांब वेलीची टोकं तुमच्या चौकटीबाहेर गेली असणार. ग्रुप राहू दिला असता तर हा प्रश्नच नव्हता.

आता एक गळा नाही, काठातले सगळे गळे हिरवे करायचे असतील तर? एकेक कंट्रोल-क्लिक करत बसू नका. कोरलमध्ये कलर स्टाइल्स नावाचा डॉकर, म्हणजे पडद्याच्या कडेला उघडणारी खिडकी, आहे. काठ निवडून त्यातल्या रंगांच्या स्टाइल्स करून घ्यायच्या. मग तो निळा जिथे जिथे वापरलाय, तिथे तिथे तो एका स्टाइलला जोडला जातो. स्टाइलचा रंग बदलला की सगळे गळे एका दमात बदलतात आणि एकही ग्रुप मोडत नाही. गिऱ्हाईक समोर बसून "थोडा पोपटी करा, नाही नाही, आधीचाच बरा होता" म्हणतं तेव्हा ही रीत किती वेळ वाचवते ते तुम्हालाच कळेल. बियाण्यांच्या पिशव्यांची लेबलं करणाऱ्या जालन्याकडच्या मंडळींनी तर ही हमखास शिकून घ्यावी. एकच डिझाइन पाच वाणांसाठी पाच रंगांत लागतं आणि दर वेळी फाइल फोडली तर पाचही लेबलं एकसारखी राहत नाहीत.

पत्रिकेतलं नाव ग्रुपमध्ये अडकलं असेल तरी तेच. कंट्रोल-क्लिकने ती ओळ पकडा, एफ एट दाबून टेक्स्ट टूल घ्या, अक्षरं दुरुस्त करा. अर्थात ओळ अजून टेक्स्ट असायला हवी. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली असेल तर नाव नव्यानेच टाइप करावं लागेल.

क्लिकपेक्षा यादी ज्याला सोयीची वाटते त्याने डॉकर्समधून ऑब्जेक्ट मॅनेजर उघडावा. नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव नुसतं ऑब्जेक्ट्स आहे. तिथे लेयर, त्याखाली ग्रुप, त्याखाली आतल्या वस्तू अशी उतरंड दिसते. बाण दाबून ग्रुप उघडायचा आणि हवी ती ओळ निवडायची. कंट्रोल धरून अधल्यामधल्या दोन-चार ओळीही एकदम निवडता येतात. माझ्या मते या डॉकरचं खरं मोल वेगळंच आहे: इथे ग्रुपमधली एक वस्तू धरून ग्रुपच्या बाहेर ओढता येते. बाहेर सोडली की ती त्या ग्रुपची राहत नाही, बाकीचा ग्रुप शाबूत राहतो. उलट बाहेरची वस्तू ग्रुपच्या नावावर नेऊन टाकली की ती ग्रुपमध्ये सामील होते. ‘वेगळं काढणं’ म्हणतात ते हेच. एक मोर हवा म्हणून सगळा काठ फोडायची गरज नाही. आणि नुसती नक्कल हवी असेल तर त्याहून सोपं: कंट्रोल-क्लिक करून कॉपी करा आणि नव्या पानावर पेस्ट करा.

अनग्रुप कधी करावं मग? एखाद्या ग्रुपची रचनाच तुम्हाला बदलायची आहे, आतले भाग कायमचे वेगवेगळ्या ठिकाणी जाणार आहेत, तेव्हा जरूर करा. पण कंट्रोल-यूने एकेक पापुद्रा काढा. अनग्रुप ऑल हा पर्याय सगळे पापुद्रे एकदम काढतो. मोराचा ग्रुप, तुकडीचा ग्रुप, काठाचा ग्रुप, ज्याने फाइल बनवली त्याने विचार करून केलेली सगळी बांधणी जाते. परत बांधायला गेलात तर आणखी एक घोळ होतो. लांबलांबच्या वस्तू निवडून कंट्रोल-जी केलं की त्या एकाच थरावर एकत्र येतात, त्यामुळे मधे दडवलेला आकार वर येतो किंवा वरचा खाली जातो. वेगवेगळ्या लेयरवरच्या वस्तू ग्रुप केल्या तर सगळ्या एकाच लेयरवर जाऊन बसतात. सोनेरी छपाईसाठी कोणी वेगळा लेयर ठेवला असेल तर तो असाच नकळत मोडतो.

आता त्या हट्टी मोराकडे येऊ. तो कंबाइन केलेला कर्व्ह आहे. कंट्रोल-एल म्हणजे कंबाइन, कंट्रोल-के म्हणजे ब्रेक अपार्ट. ग्रुपमध्ये प्रत्येक वस्तू आपला रंग, आपली रेघ राखून असते, वरून नुसती मोळी बांधलेली. कंबाइनमध्ये सगळ्या वस्तूंची एकच वस्तू होते, एकच रंग, एकच रेघ. आणि जिथे दोन आकार एकमेकांवर आले तिथे भोक पडतं. मोराचा डोळा हे असंच भोक आहे. डोक्याच्या आकारात डोळ्याचा लहान गोल ठेवून दोन्ही कंबाइन केले की डोळ्याच्या जागेतून मागचा रंग दिसतो. ब्रेक अपार्ट केलं की डोळ्याचा गोल सुटा होतो आणि डोक्याच्याच रंगाने भरतो. डोळा नाहीसा झाला असं आपल्याला वाटतं. तो तिथेच असतो, फक्त भोक राहिलेला नसतो.

इलाज सोपा आहे. डोकं आणि डोळा हे दोनच तुकडे निवडायचे, कंट्रोल-एल दाबायचं, भोक परत येतं. दिसत नसेल तर व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम लावा. रंग जाऊन नुसत्या कडा दिसतात, डोळ्याचा गोल कुठे आहे ते लगेच कळतं. पण सगळे तुकडे एकदम निवडून कंबाइन करू नका, नाहीतर पुन्हा सगळ्या मोराची एकच वस्तू होईल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच याल. प्रत्येक भागाची भोकं त्या त्या भागाशीच जोडायची.

अक्षरांचंही हेच, फक्त मराठीत ते जास्त जाचक आहे. क, ब, व, ठ, ध, ष, म या सगळ्यांत बंद पोकळ्या आहेत. कर्व्ह केलेलं नाव ब्रेक अपार्ट केलं की त्या सगळ्या भरतात. ‘ठ’ पार गोळा होऊन बसतो. आणि नाव अजून टेक्स्ट असेल आणि जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असेल, म्हणजे श्रीलिपी, कृतीदेव वगैरे, तर कंट्रोल-के दाबत गेल्यावर अक्षरच सुटत नाही, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा होतो. कारण त्या फाँटमध्ये काना-मात्रा स्वतंत्र खिळे म्हणून ठेवलेले असतात. म्हणून नावातल्या एका अक्षराला वेगळा रंग द्यायचा असेल तर ब्रेक अपार्ट न करता टेक्स्ट टूलने तेवढं अक्षर मात्रांसकट निवडा आणि रंग द्या.

इथे थोडं थांबून विनाइल कटिंगबद्दल बोललं पाहिजे, कारण ट्रॅक्टरवर, जीपच्या काचेवर नाव लावून द्यायचं काम आपल्याकडे भरपूर असतं आणि ही अडचण नेमकी तिथे पैसे खाते. देवनागरीतली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते. ती शेजारच्या अक्षरावर थोडीशी चढते, त्यामुळे रेघ सलग दिसते. पडद्यावर सगळं छान. पण ही अक्षरं सुटी करून परत कंबाइन केली की जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढल्यात तिथे, वर सांगितलेल्या नियमाने, भोक पडतं. शिरोरेषेवर प्रत्येक जोडाला बारीक पांढरी चीर दिसू लागते. कंबाइन न करता तसंच प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या मशीनला, पाठवलं तर प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड कापतो. शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत कापली जाते आणि ट्रान्सफर टेपवर उचलताना काने, मात्रा सुटून पडतात.

यावर एकच उपाय आहे: वेल्ड. आधी नावाची एक नक्कल पानाच्या बाहेर टेक्स्ट म्हणूनच राहू द्या, कारण स्पेलिंग चुकलं तर तीच कामाला येते. मग दुसरी नक्कल कंट्रोल-क्यूने कर्व्ह करा. कंट्रोल-के करून अक्षरं सुटी झाली असतील तर प्रत्येक अक्षराची पोकळी त्या अक्षराशी कंट्रोल-एलने जोडून घ्या, आणि मग सगळी अक्षरं निवडून प्रॉपर्टी बारवरचं वेल्ड दाबा. वेल्ड एकमेकांवर चढलेला भाग विरघळवून बाहेरची एकच कड ठेवतो. वायरफ्रेममध्ये बघा: शिरोरेषेत कुठेही आडवा-उभा छेद दिसता कामा नये, आणि ‘क’, ‘ब’ची भोकं जागेवर असली पाहिजेत. अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरांसाठी लेझर कटिंगला फाइल द्यायची असेल तेव्हाही हेच तपासा. लेझर कापताना आत भरलेला रंग बघत नाही, कडेवरून चालतो.

पॉवरक्लिपबद्दल थोडक्यात. पॉवरक्लिपच्या आतल्या वस्तूंना अनग्रुप ऑल शिवतही नाही, त्यामुळे "सगळं फोडलं तरी हा फोटो सुटेना" अशी तक्रार येते. चौकटीवर राइट क्लिक करा. आतच दुरुस्ती करायची असेल तर एडिट, काम झालं की फिनिश. माल बाहेर काढायचा असेल तर एक्स्ट्रॅक्ट कंटेंट्स. बाहेर काढल्यावर नव्या आवृत्त्यांत मागे फुलीची रिकामी चौकट राहते. ती नको असेल तर राइट क्लिकमध्येच फ्रेम टाइप आहे, तिथे नन करा.

इफेक्ट असेल, सावली, ब्लेंड, काँटूर, तर तो ब्रेक अपार्टनेच सुटतो. मेनूत त्या वेळी "ब्रेक ड्रॉप शॅडो ग्रुप अपार्ट" असं पूर्ण नावच लिहून येतं. एवढं ध्यानात ठेवा की एकदा तोडल्यावर सावली ही वस्तूची सावली राहत नाही, ते एक वेगळं चित्र होतं. वस्तू हलवली तरी सावली जागेवरच.

आणि काहीच पकडता येत नसेल, अगदी कंट्रोल, ऑल्ट सगळं करून, तर वस्तू किंवा लेयर लॉक असेल. लॉक केलेल्या वस्तूवर क्लिक केलं की ठिपक्यांच्या जागी छोटी कुलपं दिसतात. राइट क्लिक करून अनलॉक. अख्खा लेयरच लॉक असेल तर तो ऑब्जेक्ट डॉकरमधून उघडायचा.

पीडीएफ आणून फोडायचं काम असेल तर तयारी ठेवा. पीडीएफमध्ये आपल्या समजुतीचे ग्रुप नसतातच. कोरलमध्ये आणल्यावर ग्रुपमध्ये पॉवरक्लिप, त्यात परत ग्रुप असा पसारा निघतो आणि परिच्छेदाच्या ओळी सुट्या सुट्या येतात. आणताना कोरल विचारतं, मजकूर टेक्स्ट म्हणून आणू की कर्व्ह म्हणून. मराठी मजकूर असेल आणि तो फाँट तुमच्या कंप्युटरवर नसेल तर कर्व्हच निवडा. टेक्स्ट निवडलंत आणि फाँट जुन्या पद्धतीचा निघाला, तर पूर्ण पत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडेल.

नवीन मुलांपैकी बरेच जण इंकस्केप या सॉफ्टवेअरवर शिकतात. ते फुकट आहे आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून त्याचंही सांगतो. तिथेही कंट्रोल-क्लिकने ग्रुपमधली वस्तू पकडता येते आणि ऑल्ट-क्लिकने खालची. लिनक्सवर ऑल्ट-क्लिक केलं की काही वेळा वस्तूऐवजी खिडकीच हलते. तो इंकस्केपचा दोष नाही, लिनक्सने ते बटण खिडकी हलवायला राखून ठेवलेलं असतं आणि सेटिंगमध्ये बदलता येतं. ग्रुपवर डबल क्लिक केलं की आपण त्याच्या आत शिरतो, कीबोर्डवरून कंट्रोल-एंटरने आत आणि कंट्रोल-बॅकस्पेसने बाहेर. अनग्रुप कंट्रोल-शिफ्ट-जी आहे. आणि इथे हात फसतो तो कंट्रोल-के दाबताना: कोरलमध्ये तो तोडतो, इंकस्केपमध्ये जोडतो. इंकस्केपचं ब्रेक अपार्ट कंट्रोल-शिफ्ट-के आहे. भोकं भरायची अडचण तिथेही तीच, पण अलीकडच्या आवृत्त्यांत पाथ मेनूत स्प्लिट पाथ आला आहे. तो सुटे भाग वेगळे करतो आणि प्रत्येकाची भोकं त्याच्यापाशीच ठेवतो. देवनागरी अक्षरांसाठी ही फार मोठी सोय आहे.

इंकस्केपमध्ये पैठणीच्या काठासारखं काम करायचं तर नकला करू नका, क्लोन करा, ऑल्ट-डी. मूळ मोराचा गळा बदलला की काठातल्या सगळ्या मोरांचे गळे आपोआप बदलतात. एखाद्या क्लोनमधला तुकडा मात्र थेट पकडता येत नाही. तो एकच मोर वेगळा करायचा असेल तर शिफ्ट-ऑल्ट-डी दाबून त्याचा मूळ मोराशी असलेला संबंध तोडायचा.

इलस्ट्रेटरवाल्यांसाठी: तिथे डबल क्लिकने आयसोलेशन मोडमध्ये जाता येतं, बाकीचं पान फिकट होतं, एस्केप दाबलं की बाहेर. ग्रुप सिलेक्शन नावाचं टूल डायरेक्ट सिलेक्शनच्या खाली दडलेलं असतं. त्याची चाल कोरलच्या उलट, आतून बाहेर: पहिल्या क्लिकला वस्तू, दुसऱ्या क्लिकला तिचा ग्रुप, तिसऱ्याला त्याच्या बाहेरचा ग्रुप. एकाच रंगाच्या सगळ्या वस्तू सिलेक्ट मेनूतल्या सेम, फिल कलरने ग्रुप न मोडता निवडता येतात. ग्रुपवर म्हणून दिलेली पारदर्शकता किंवा इफेक्ट अनग्रुप केल्यावर निघून जातो, हे तिथे विशेष सांभाळायचं. आणि क्लिपिंग मास्क (कोरलच्या पॉवरक्लिपसारखा) सोडवला की मागे ना रंग ना रेघ असलेले रिकामे आकार राहतात. दिसत नाहीत, पण प्लॉटरला फाइल दिली की ते पण कापले जातात.

तुमच्या हातातल्या फाइलचं म्हणाल तर, भाऊ, फोडलेली बाजूला ठेवा आणि मूळ फाइल परत उघडा. सेव्ह अ‍ॅज करून नक्कल घ्या आणि कलर स्टाइल्सने गळे हिरवे करा. कंबाइन केलेला तो एक मोर तसा एकरंगीच असणार, त्याचा गळा वेगळा रंगवायचा असेल तर फक्त त्यालाच कंट्रोल-के करा, डोळा डोक्याशी जोडा, गळ्याला रंग द्या आणि मोराचे तुकडे कंट्रोल-जीने बांधा. ऑब्जेक्ट डॉकरमध्ये त्या ग्रुपच्या नावावर क्लिक करून ‘मोर’ असं लिहून ठेवा, वेलीला ‘वेल’, खालच्या रेघेला ‘नारळी’. पुढच्या पत्रिकेला तोच काठ लागला की यादीतून थेट उचलता येईल.